आई 'जाते' म्हणाल्या

डार्मश्टाट, शनिवार, १५ नोव्हेंबर

दुपारी लॅबमधल्या लिनबरोबर जुना व्हिएतनामी सिनेमा पाहिला, तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. नवरा लढाईवर निघतो, दारातून बायकोला काहीतरी म्हणतो. खाली जर्मनमध्ये आलं, 'मी परत येईन.' मग पूर येतो, बॉम्ब पडतात, तो काही येत नाही. ही एकटी भात लावते, आजारी सासऱ्यांना भरवते. मला वाटलं, त्या एका वाक्यावर तगली बाई. लिनचं घर व्हिएतनामी, तिला भाषा कळते. बाहेर आल्यावर म्हणाली, "तो तसं म्हणतच नाही. नुसतं 'जातो' म्हणतो."

जातो!

गेल्या रविवारी फ्रँकफुर्टला विमानतळावर सासूबाई मला "जाते गं" म्हणाल्या. येते नाही, जाते. तीन महिने इथे राहून निघताना. जन्मात कधी कुणाच्या दारातून 'जाते' म्हणून न निघालेली बाई! आणि मी ते ऐकूनही पार्किंगची वेळ बघत राहिले. काही दुखत होतं का त्यांचं? की माझंच काही लागलं? की आपलं नुसतं तोंडातून गेलं?

शेवटी आत्ता पुण्याला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलंच, "आई, त्या दिवशी तुम्ही 'जाते' का म्हणालात?"

त्या म्हणाल्या, "आधी 'येते'च म्हणाले होते गं. तू 'या' म्हणशील म्हणून थांबले. तू ते तिथलं जर्मन बाय-बाय, 'च्यूस' म्हणालीस."