वाढत्या अंगाचा पाय

रत्नागिरी,
१२ डिसेंबर २००१

तीर्थरूप आक्कास,

गोपाळकृष्णाचा साष्टांग नमस्कार. (अंगं मोजायला बसशील तर साडेसातच भरतील, पण भाव पूर्ण आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? देवरूखची थंडी त्यांना मानवत नाही, तेव्हा पहाटे उठून शेजाऱ्यांच्या परड्यातली फुलं काढणं यंदा तरी बंद ठेव. इकडे तुझी भावजय आनंदी ठीक, आंब्याचा मोहोरही बरा दिसतोय. पायाचं फोनवर सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

फुरसं चावून गुडघ्याखालचा पाय गेला, त्याला दीड वर्ष झालं. दिवाळीआधी नवा बसवला. नवा पाय म्हणजे खाली पाऊल, मध्ये नळी आणि वर प्लास्टिकचा पेला, त्याला ती मंडळी सॉकेट म्हणतात. उरलेला पाय मोजे चढवून त्यात बसवायचा. आता स्पष्टच लिहितो, जे झालं त्यात मूळ चूक तुझी आहे. लहानपणी माझी प्रत्येक चड्डी तू शिंप्यापुढे उभी राहून ‘वाढत्या अंगाची शिव हो’ म्हणून शिवून घेतलीस. (सातवीतली एक अजूनही मला सैल होईल.) ती सवय इतकी भिनली की माप घ्यायला आलेल्या, पाय बनवणाऱ्या मुकुलला मी बजावलं, बाबा, जरा वाढत्या अंगाचा कर. बासष्टाव्या वर्षी माझं काय वाढणार होतं देव जाणे. तो नाही म्हणाला, तेव्हा मी साचा घेताना पायाचे सगळे स्नायू फुगवून बसलो. कापलेला पाय पहिली एक-दोन वर्षं उलट आटत जातो, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. (मुकुल म्हणतो, तीनदा सांगितलं होतं.)

परिणामी पाय पेल्यात वर-खाली होऊ लागला आणि प्रत्येक पावलाला आतली हवा आवाज करत बाहेर पडू लागली. कसला आवाज ते तुला लिहीत नाही. वाचनालयाच्या वार्षिक सभेत दिवंगत सभासदासाठी आम्ही दोन मिनिटं स्तब्ध उभे होतो. मी जरा भार बदलला. सगळ्यांनी डोळे उघडून माझ्या शेजारच्या रावजी मास्तरांकडे पाहिलं. मी पण पाहिलं, हे माझं चुकलं. मास्तर तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत आणि वालाची उसळही खात नाहीत म्हणे.

पुढे कातडी लाल झाली. आनंदी म्हणाली, “मुठेल लावा, टाचांना चालतं तर ह्याला का नाही?” कोकमाचं तेल मी ओंजळभर चोळलं. पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरताना पाय आतल्या आत फिरला. मी बाजाराकडे निघालेला आणि पावलाची बोटं परत घराकडे. तिथेच बसलो, आणि नडगीच्या टोकाला फोड फुटला.

मुकुलने मोज्यावर पेल्याच्या कडेने रेघ मारली आणि मला चालवलं. रेघ दोन बोटं आत गेली. “काका, ह्यात तुम्ही चालत नाही, तुमचं हाड घासतंय,” तो म्हणाला. तीन आठवडे पाय घालायचा नाही, जखम पूर्ण सुकली की नवं माप. जखम हाडापर्यंत गेली तर गुडघ्याच्या वरून कापतात, हेही त्याने सांगितलं. ऐकून मी घाबरलो, आक्का. शिवाय कुबड्या घेतल्या की लोक ‘बसा’ म्हणतात, पाय घातला की ‘येता का?’ विचारतात. असो. मी नियम पाळतोय, दहा दिवस पायाला हात लावलेला नाही, जखम भरत आली. काळजी नसावी.

तुझा धाकटा,
गोपाळ

ता. क. : जमेल तेव्हा दोन दिवस ये आणि जाताना पाय देवरूखला घेऊन जा. इथे डोळ्यांसमोर नको. एस.टी.त चादरीत गुंडाळून ने. कंडक्टरने विचारलं तर भावाचा आहे म्हण.

आणखी एक : वरचं सगळं आनंदीने वाचलं आहे. हे मात्र पोस्टाच्या पेटीपाशी उभा राहून लिहितोय, पाय घालूनच. दहा दिवसांत एक दिवसही चुकवलेला नाही, ती देवळात गेली की घालतो. काल मोजा रक्ताने भिजला, तो मी स्वतः धुतला. दुखतं फार. मला गुडघा घालवायचा नाही आणि मला एकट्याला हे थांबवता येत नाही. जमेल तेव्हा नको, पत्र मिळताच पहिल्या गाडीने ये.