पालथी बोटं

बाबा, तुमची नात टेबलावर ठेवायला एक लोकरीचा किवी पक्षी बनवते आहे. त्याच्या पाठीत लोकरीखाली तांब्याची पट्टी आहे आणि पोटात छोटी मोटर. नुसता स्पर्श झाला तर तो डोळे मिचकावतो, हात ठेवून राहिलं तर मान वर करून बघतो. तारांना सोल्डरचे डाग मी दिले, बाकी सगळं तिचं. काल आमच्या इथल्या रोटोटुना उपनगरातल्या घरी, ओट्यावरच तिनं तो पहिल्यांदा चालू केला. मी बोटं पालथी करून टेकवली आणि लगेच काढली. ती हसली. "डॅड, इट्स ओन्ली फाइव्ह व्होल्ट्स. ही वोन्ट बाइट." मी म्हटलं, "आजोबांची सवय आहे ती." ती म्हणाली, "बट यू हॅव टू स्टे, डॅड. नाहीतर तो वर बघणारच नाही."

तुमच्या दुरुस्तीच्या दुकानात उघड्या रेडिओसमोर तुम्ही मला सांगायचात, "तळव्यानं धरलंस तर करंट सोडत नाही. पालथा हात आपणहून मागे येतो." इस्त्री, दुधाचं पातेलं, माझं कपाळ, सगळं तुम्ही पालथ्या बोटांनीच बघायचात. मी इकडे यायला निघालो तेव्हा विमानतळावर बाकीचे मुलांना मिठ्या मारत होते. तुम्ही माझं कपाळ बघितलंत आणि म्हणालात, "ताप नाही. जा." नातीच्या जन्माआधीच तुम्ही गेलात. मी पोचेपर्यंत तुम्हाला बर्फावर ठेवलं होतं. मी तुमच्या कपाळाला पालथी बोटं लावली, आणि हात आपणहून मागे आला. काका म्हणाले, "चल, फार वेळ ठेवलंय." मी पुन्हा हात लावला नाही. हात तुम्ही शिकवलंत तसाच वागला, बाबा. तेवढंच अजून मनातून जात नाही.

आज ती शाळेत गेल्यावर मी ‘ते रापा’ भागातल्या माझ्या कारखान्यात कळवलं की उशिरा येतो. कारण सांगितलं नाही. किवीच्या पाठीवर तळवा ठेवला. त्यानं मान वर केली. हळूहळू लोकर गरम झाली. ती ऊब माझ्याच हाताची आहे, एवढं मला कळतं. हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. उजव्या हातानं लिहितो आहे. डावा अजून तिथेच आहे.