बोणी नको, माझा दिवस द्या

बाई, त्या दिवशीचे दहा रुपये माझे होते. तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी माझं म्हणणं तसूभरही बदललेलं नाही. तुम्ही असतात तर चष्म्याच्या वरून पाहत म्हणाला असतात, "नमस्कार नाही, चमत्कार नाही, आल्या आल्या भांडण." हो, भांडणच. या दिवाळीत माझ्याच घरात अगदी तसाच प्रसंग आला, मी तो माझ्या पद्धतीने निकालात काढला, आणि तुम्हाला ते ऐकवल्याशिवाय मला चैन पडत नाहीये. तेव्हा बसा जरा झोपाळ्यावर आणि ऐका. मध्ये बोलायचं नाही. वर्गात आम्ही नाही का ऐकून घ्यायचो.

तुमचं बडोद्याच्या निजामपुऱ्यातलं टेनामेंट, ते बैठं घर, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून होतं. पुढे हातभर अंगण, एक जास्वंद, व्हरांड्यात झोपाळा. तुम्ही आम्हाला भूगोल शिकवायचात, आणि दिवाळीची सुट्टी लागली की शिकवलेलं डोळ्यांनी बघून यायला एकट्याच निघायचात. एक होल्डॉल, एक पाण्याची बाटली. गल्लीतल्या बायकांना त्याचं केवढं आश्चर्य. त्यातून घरात तो पॉमेरियन. तुमचे शेजारी व्हिसा मिळाल्यावर अमेरिकेला गेले. फ्रिज विकला, स्कूटर विकली, सोफा विकला, कुत्रा काही विकला गेला नाही, तो तुमच्या दाराशी आला. त्याला गुजरातीखेरीज काही कळत नसे. वर्गात आमच्या तोंडून एक गुजराती शब्द निसटला तर डोळे वटारणाऱ्या तुम्ही त्याच्यापुढे बसून म्हणत होतात, "चाल दीकरा, जमी ले." चल बाळा, जेवून घे. आम्ही मुली कुंपणाबाहेर उभ्या राहून तोंडावर हात दाबून हसायचो. त्याची दुसरी खोड म्हणजे तो एकटा जेवत नसे. कुणीतरी आपलं ताट घेऊन त्याच्याशेजारी जमिनीवर बसायला लागे, आणि आपण घास घेतला की मग तो तोंड लावी.

मी नववीत होते. सुट्टीच्या आदल्या दिवशी तुम्ही मला स्टाफरूमच्या दाराशी बोलावलंत. शाळेतल्या इतक्या मुलींमध्ये मलाच का, ते मला आजही कळलेलं नाही. कुत्र्याचं सगळं सांगून झाल्यावर तुम्ही विचारलंत, "काय घेशील?"

"काही नको, बाई."

"का?"

"तुमच्याकडून कसे घेऊ?"

तुम्ही चष्मा काढलात. "फुकट काम करणाऱ्या माणसाला रागावता येत नाही. आणि मला तुला रागवावं लागणार आहे, तुझा स्वभाव ठाऊक आहे मला. बोल, किती?"

मी भीत भीत म्हटलं, "रोजचे पाच."

"फटाके वाजायला लागले की तो पलंगाखाली शिरून थरथरत बसतो. तेव्हा तू त्याच्यापाशी बसणार आहेस, मैत्रिणींबरोबर गल्लीत नाही. तुझी दिवाळी पाच रुपयांना देतेस?"

"मग दहा."

"दहा," तुम्ही म्हणालात आणि चष्मा लावलात. मोठ्या माणसाने माझ्याशी सौदा करण्याची ती पहिली वेळ. घरी जाताना मी रस्त्याच्या अगदी मधून चालत गेले असेन.

घरी मात्र आगडोंब उसळला. आई चकल्या तळत होती. "बाईंकडून पैसे घेणार? शिकवतात तुला त्या! लोक म्हणतील मुलीला कामाला लावली. आपल्या घरात असलं कुणी केलेलं नाही. पणजोबा सरकारांच्या फौजेत होते तुझे."

"पणजोबांना पगार मिळत नव्हता का?" मी विचारलं.

झारा माझ्या दिशेने आला, पण तेलासकट असल्यामुळे अर्ध्यावर थांबला. बाबा पेपरामागे हसत होते, ते पेपर हलत होता त्यावरून कळलं. "जाऊ दे तिला," ते म्हणाले, "चार दिवसांत कंटाळेल." आता मी ते काम मेले असते तरी सोडलं नसतं.

आणि बाई, मी ते काम नीट केलं. तुम्ही कधी म्हणाला नाहीत म्हणून मीच म्हणते. सकाळ-संध्याकाळ फिरवून आणलं, त्याचे ते कापसासारखे केस रोज विंचरले, दोन्ही वेळा आईकडून माझं ताट झाकून नेऊन त्याच्याशेजारी जेवले. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी तुमच्या पलंगाशेजारी जमिनीवर आडवी पडले आहे, एक हात पलंगाखाली, त्याच्या पाठीवर. बाहेर लवंगी माळा, सुतळी बॉम्ब, कुणाचं तरी रॉकेट पत्र्यावर आपटतंय. मैत्रिणी फाटकाशी येऊन हाका मारतात, "अगं, ये ना!" मी ओरडून नाही म्हणते. माझा नवा ड्रेस पांढऱ्या केसांनी भरलाय. मी त्याला "कांई नथी, कांई नथी" म्हणत राहते आणि मला रडू येतं, तुमचा, त्याचा, माझा, सगळ्यांचा राग येतो. पण मी उठत नाही. ती संध्याकाळ दहा रुपयांत स्वस्तच गेली तुम्हाला.

मग भाऊबीज आली. सावली गावी बाबांची आत्या राहायची, आणि भाऊबीजेला तिच्याकडे जेवायला जायचं यात आमच्याकडे बदल होत नसे. त्या वर्षी चिवडा खाऊन खाऊन धाकट्या बहिणीचं पोट बिघडलं, आई तिच्यासाठी घरी राहिली, आणि बाबांबरोबर मला जाणं भाग पडलं. आता कुत्र्याचं काय? मी काही वाऱ्यावर सोडून गेले नाही. आदल्या संध्याकाळी धाकटीला तुमच्याकडे घेऊन गेले. ताट कुठे ठेवायचं, पहिला घास कुणी घ्यायचा, फाटकाची कडी कशी वर उचलून लावायची, फटाका वाजला तर काय म्हणायचं, सगळं तिच्याकडून माझ्यासमोर करून घेतलं. तिची कटकट चालली होती, "मला येतं गं!" तरी मी पुन्हा करायला लावलं. दुसऱ्या दिवशी तिचं पोटही बरं होतं आणि तिने सगळं व्यवस्थित केलं. सावलीच्या पुरणपोळीत माझं लक्ष नव्हतं. एसटीतून उतरल्यावर मी आधी तुमच्या घरी धावत गेले. तो फाटकाशी उभा होता, पोट भरलेलं, शेपूट हलवत.

तुम्ही लाभपाचमीला परत आलात. बडोद्यात त्या दिवशी बंद दुकानं मुहूर्ताने उघडतात, आणि तुम्हीही हिशेब त्याच दिवशी करायचात. पर्समधून नोटा काढून झोपाळ्यावर एकेक ठेवताना तुम्ही सहज विचारलंत, "सगळे दिवस तूच आलीस?" मी मोठ्या कौतुकाने सावलीचं सांगितलं, धाकटीची तालीम सांगितली. मला वाटलं शाबासकी मिळेल. तुम्ही एक दहाची नोट उचललीत आणि पर्समध्ये परत ठेवलीत.

"तो दिवस तुझा नाही."

"पण तो उपाशी राहिला नाही, बाई."

"नाही राहिला. तुझ्या बहिणीमुळे. तिला उद्या पाठव, तिचे दहा तिच्या हातात देईन."

"तिला शिकवलं मी. पाठवलं मी. काही झालं असतं तर तुम्ही मलाच विचारलं असतंत ना?"

"तुलाच विचारलं असतं."

"मग?"

"मग काही नाही. जी त्याच्यापाशी बसली, पैसे तिचे."

तुम्ही उठलात, आतल्या खोलीत गेलात, तुमचं लोखंडी कपाट उघडलं. त्याच्या दाराचा तो करकर आवाज अख्ख्या घरात घुमायचा. बाहेर आलात तेव्हा हातात वीसची कोरी करकरीत नोट होती, तिच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावलेलं. "ही बोणी," तुम्ही म्हणालात, "नव्या वर्षाची. ये, पाया पड." आमच्या बडोद्यात नव्या वर्षाला मोठी माणसं लहानांच्या हातावर अशी नोट ठेवतात. पाया पडलं की मिळते, त्यासाठी दुसरं काही करावं लागत नाही.

मी जागची हलले नाही. "बोणी नको, माझा दिवस द्या."

तुमचा हात तसाच राहिला. कुत्रा एकदा तुमच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता.

"वीस आहेत," तुम्ही म्हणालात.

"माहीत आहे. पण हे तुम्ही खुशीने देताय. मला माझे हवेत."

तुम्ही रागावला नाहीत, समजूतही घातली नाहीत. नोट घेऊन आत गेलात, कपाट पुन्हा करकरलं. बाहेर येऊन विचारलंत, "पुढच्या दिवाळीला येशील?"

"येईन."

"दहानेच?"

"बाराने."

"बारा," तुम्ही म्हणालात.

दुसऱ्या दिवशी धाकटीला तिचे दहा रुपये मिळाले. तिने मांडवीजवळ जाऊन त्याची सेव-उसळ खाल्ली, वर जास्तीची तरी घेतली, आणि घरी येऊन मला सगळं वर्णन करून सांगितलं. एक पावही आणला नाही माझ्यासाठी. या अन्यायाबद्दल मी तिलाही अजून माफ केलेलं नाही, पण तिचं तिच्याकडे.

आता माझं ऐका. मी आज एका मोठ्या खासगी दवाखान्यात काम करते. आया, वॉर्डबॉय, रात्रपाळीच्या सिस्टर, यांच्या ड्युट्या मी लावते. अमकी आली नाही तर तिच्या जागी कोण, नव्या बाईला काम कुणी दाखवायचं, चूक झाली तर कुणाला जाब विचारायचा, हे सगळं माझ्या डोक्यावर. मी स्वतः एकाही पेशंटच्या उशाशी बसत नाही. तरी महिन्याच्या महिन्याला मला पगार मिळतो, आणि तो कुणी मेहेरबानी म्हणून देत नाही. म्हणजे तुम्ही माझ्या ज्या कामाचे दहा रुपये कापलेत, त्याच कामावर माझं घर चाललंय. आहे काही उत्तर? नसणारच.

या दिवाळीत आम्ही दोघं नवरा-बायको आठ दिवस केरळात गेलो. घरी दोन मांजरी. तिसऱ्या मजल्यावरच्या दहावीतल्या मुलीला मी बोलावलं आणि विचारलं, "काय घेशील?" ती म्हणाली, "आंटी, आपको जो ठीक लगे." मी तिला तुमचंच वाक्य ऐकवलं, फुकट काम करणाऱ्या माणसाला रागावता येत नाही म्हणून. मग आकडा ठरला. दुसऱ्या दिवशी तिची आई वर आली, "बेन, पाडोशमां पैसा शेना? तमे तो घरना छो." शेजारात पैसे कसले, तुम्ही तर घरच्याच. मी म्हटलं, "घरनी छुं एटले तो आपुं छुं," घरची आहे म्हणूनच देतेय. ती बिचारी माझ्याकडे, आमच्या आईने झारा उगारताना पाहिलं होतं, तशीच पाहत खाली गेली. तिच्यापुढे निदान तेल नव्हतं.

परत आलो तेव्हा मुलगी किल्ली द्यायला आली आणि खाली मान घालून म्हणाली, एक दिवस मामाकडे जावं लागलं, मैत्रिणीला पाठवलं होतं, तिला सगळं शिकवून ठेवलं होतं. मला तिची ती मान ओळखीची वाटली. मी तिचे सगळे दिवस तिला मोजून दिले, तोही दिला. आणि मैत्रिणीला बोलावून त्या दिवसाचे तिलाही दिले. नवरा म्हणाला, "एका दिवसाचे दोनदा?" मी म्हटलं, "कामं दोन झाली. एकीने केलं, एकीने ते होईल असं पाहिलं." तो हसला. तुम्ही हसला नसतात, तुम्ही वाद घातला असतात, आणि मी तुम्हाला हरवलं असतं. इतक्या वर्षांनी का होईना, दोघींचे पैसे दोघींना मिळाले. मी बरोबर होते.

हिशेब झाल्यावर मी कपाटातून एक कोरी नोट काढून त्या मुलीच्या हातावर ठेवली. बोणी. तिने अर्धवट वाकल्यासारखं केलं, "थँक यू आंटी" म्हणाली आणि दोन्ही पैसे जीन्सच्या एकाच खिशात कोंबून पायऱ्या उतरत गेली. हे पैसे कशाचे, ते कशाचे, तिने बघितलंसुद्धा नाही. मी दार लावलं आणि तुम्हाला लिहायला बसले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. तुमच्या टेनामेंटच्या जागी आता फ्लॅट आहेत, खाली मोबाइलचं दुकान आहे. टाकायचं असतं तरी भांडणापाशीच थांबले असते. पण टाकायचं नाही म्हणून एक सांगते. त्यानंतर कॉलेजात जाईपर्यंत, तुमचा कुत्रा होता तोवर, मी दर दिवाळीला आले. दर लाभपाचमीला तुम्ही ठरलेले पैसे ठरल्याप्रमाणे दिलेत, भाव न कुरकुरता वाढवलात, आणि बोणी मात्र पुन्हा कधी काढली नाहीत. मी नको म्हटलं होतं, आणि माझा शब्द इतका मानणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं. पण बाई, पैसे घेतल्यावर मी दरवर्षी तुमच्याकडे पाणी मागायचे, आठवतं? मला तहान नसायची. पेला संपेपर्यंत, आत कपाट करकरतंय का, ते मी ऐकत बसायचे.