काळा रंग खरवडू नये

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा निऑनच्या पाट्या बनवणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. वकीलसाहेबांनी थोडक्यात लिहा असे बजावले आहे. बघू.

१. राहते घर मुलाला. त्यात त्याने भाडेकरू ठेवावा नाहीतर कोंबड्या पाळाव्यात, माझी हरकत नाही. बँकेतील शिल्लक मुलगा व मुलगी यांना निम्मी निम्मी.

२. कारखान्यात भिंतीला टेकवून ठेवलेल्या अकरा पाट्या ही अडगळ नाही. सूनबाईंनी हे वाक्य दोनदा वाचावे. दुकानदारांनी प्लास्टिकचे फलक लावले तेव्हा शिडीवर चढून मी त्या स्वतः उतरवल्या आहेत.

३. चौकातील बुटांच्या दुकानावरची पाटी ही माझ्या कारखान्याची अजून जागेवर असलेली एकमेव पाटी. गेल्या वर्षी जुन्या पाट्यांच्या जतन समितीची मंडळी आली. सज्जन, हौशी, हातमोजे घातलेली. निऑनमध्ये सबंध शब्द एकाच सलग काचनळीत वाकवतात आणि दोन अक्षरांमधला तुकडा दिसू नये म्हणून त्यावर काळा रंग देतात. मंडळींना ती काजळी वाटली. तीन दिवस खपून त्यांनी ती खरवडून काढली. दिवा लावला तर अक्षरांत अक्षरे घुसलेली, नुसता गुंता.

अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "काका, किती स्वच्छ झाली बघा!"

मी म्हणालो, "आता वाचून दाखवा."

दुकानदार वैतागला. "नळीवाले, लोक हसतायत मला. काढून टाकतो ही."

मी ब्रश घेऊन गेलो, तर या वयात ब्रश धरवेना, रंग अक्षरांवरच सांडला. एवढा संताप जन्मात आला नव्हता, आणि काढणार कोणावर? दुकानदाराच्या हातापाया पडून पावसाळ्यापर्यंत मुदत मिळवली आहे.

४. बर्नर, फुंकायची रबरी नळी, ब्रश, रंगाचे डबे व वरील अकरा पाट्या मुलीला. मुलाने तोंड वाकडे करू नये. ती आज दातांच्या कवळ्या बनवते. एकोणीस वर्षांची असताना तिला कारखान्यात यायचे होते. "हात भाजून घेशील," असे सांगून मी तिला घरी बसवले. ते कारण खोटे होते. त्याच्या थोडे आधी बुटांच्या दुकानाची नळी माझ्याकडून चारदा फुटली होती. मी तापाने दोन दिवस झोपून होतो, उठून आलो तर टेबलावर अख्खी नळी तयार. तिने वाकवलेली. मी ती माझी म्हणून दिली. समितीने त्याच पाटीबद्दल मला मानपत्र दिले, तेही मी घेतले. तिने त्याबद्दल अवाक्षर काढले नाही. एकतीस वर्षे काढलेले नाही. मला लाज वाटते.

५. ती पाटी मुलीनेच पुन्हा रंगवावी. कोणता तुकडा लपवायचा हे तिच्याशिवाय कोणाला कळणार नाही.

वकीलसाहेबांनी इथे मला थांबवले. "मृत्युपत्र तुमच्यामागे उघडणार. तोवर पाटी भंगारात गेलेली असेल."

म्हणजे चौथे कलम मला जिवंतपणीच तिच्यासमोर बसून वाचावे लागणार. त्यापेक्षा मरणे सोपे होते. तिला रविवारी बोलावले आहे.

सही: नळीवाला
साक्षीदार: शेजारचे घड्याळजी, औषधाच्या दुकानातल्या ताई
ठिकाण: कारखान्यातील टेबल
दिनांक: नऊ मार्च, शुक्रवार