प्रतिक्षाचा फोटो बिघडवताना

३ डिसेंबर २०१७, रविवार
आजपासून बदला. प्रतिक्षा काल लाखांदूरच्या एसटी स्टँडवर चार पोरींसमोर म्हणाली, पहिले बी.एस्सी. पुरी कर, मग बोल माह्याशी. मी बी.एस्सी. कोणासाठी सोडली? ती बी.ए. करून भंडाऱ्याहून गावी परतली, म्हणून मी दुसऱ्या वर्षातून उठून मागे आलो. अशा पोरीला माफी नाही.

४ डिसेंबर
संधी पायानं चालत आली. मी कामाला आहे त्या स्टुडिओत तिची आई रत्नाबाई आली होती. स्थळ आहे म्हणे. पोरगा अनुप, जवाहरनगरला फॅक्टरीत परमनंट, क्वार्टरवाला. बायोडाटासाठी गुरुवारी फोटो. त्या दिवशी मालक भय्याजी शहापूरला, लग्नाच्या ऑर्डरवर. म्हणजे कॅमेरा माझ्या हातात. असा फोटो काढीन की अनुप क्वार्टरला आतून कडी लावेल. मग ती येईल रडत. मी दोन दिवस तरी तिच्याशी बोलणार नाही.

५ डिसेंबर
रिफ्लेक्टरचे व्हिडिओ पाहिले. सावलीच्या बाजूनं धरला तर उजेड उलटून चेहरा भरतो, डोळ्याखालचं काळं जातं. खालून धरला तर नाकपुड्या पेटतात, माणूस भूत दिसतो. मी खालूनच धरणार. थर्माकोलवर चंदेरी गिफ्ट पेपर चिकटवला. आईने विचारलं, हे कायले? म्हटलं, करिअर.
शेजारच्या मंगरूकाकांवर ट्रायल. फोटो पाहून म्हणाले, जिता हाव ना बे मी? टेक्निक पास.

७ डिसेंबर, गुरुवार
आली. खिडकीशी बसवली. डोळ्याखाली काळं. माझ्यासाठी रडली असणार. रत्नाबाई म्हणाली, धानाच्या मळणीत जागली पोरगी. आईला काय कळतं.
कॅमेरा स्टँडवर, एक हात बटणावर, दुसऱ्यात रिफ्लेक्टर. खालून धरला. भूत तयार. बटण दाबणार, तर वाटलं, तुलनेला एक तरी बरोबर फोटो हवा. रिफ्लेक्टर बाजूला घेतला. थोडा वर. अजून जवळ. एक म्हणता म्हणता मेमरी कार्ड भरलं. भुताला जागाच उरली नाही.
ती म्हणाली, हात दुखला असंल तुया. पाठ फिरवून कार्ड काढलं. बदला चालू आहे.

१० डिसेंबर
फोटो अनुपकडे गेला. काळजी नाही. इतका चांगला फोटो कॉम्प्युटरवर केलेलाच वाटतो. अनुप प्रत्यक्ष पाहील, फसवलं म्हणून उठून जाईल. हा प्लॅन पहिल्यापेक्षा खोल आहे.

१७ डिसेंबर
पाहुणे येऊन गेले. अनुप म्हणे बोलला, फोटोत होती तशीच आहे. पसंती. एक तारखेला साक्षगंध.
रिफ्लेक्टर लाथेनं फोडला. मग चिकटपट्टीनं जोडला. पासपोर्ट फोटोवाले बसून होते.

२८ डिसेंबर
साक्षगंधाच्या फ्लेक्सवर तोच फोटो. कॉम्प्युटरवर मोठा केला तेव्हा दिसलं. तिच्या दोन्ही डोळ्यांत चंदेरी चौकोन, आणि चौकोनाच्या बाजूला मी. हात वर केलेला. लाव रे अनुप, चौकात लाव फ्लेक्स. तुझ्याच साक्षगंधात, अख्ख्या गावासमोर, मी तिच्या डोळ्यात उभा राहीन. याला म्हणतात बदला.

२९ डिसेंबर
भय्याजींनी प्रूफ पाहिलं. म्हणाले, डोळ्यात कोण उभा आहे बे? पुसून टाक त्याले.
डावा डोळा साफ केला. उजव्याला वेळ लागला. भय्याजी म्हणाले, हात चालव, फ्लेक्सवाला थांबून राहिला.
चौकोन मात्र ठेवले. ते काढले की तिचे डोळे विझतात.