मागची खिडकी उघडी ठेव

अनसूये,

मी पाटणकर बाजारात ताजा वाळा आणायला जातोय. दारातल्या वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारलंय, दुपारी पुन्हा मार. पण मागची खिडकी बंद ठेवलीस तर दमट हवा आतच कोंडते आणि घराची न्हाणी होते.

शिंद्यांच्या छावणीत मी बांधलेल्या वाळ्याच्या पडद्यामागं बसलेल्या सुभेदारानं भर ज्येष्ठात रजई मागितली होती. ही बढाई पुन्हा वाचून तू नाक मुरडशील. शेजारच्या इंदुताई मात्र त्याच खिडकीशी येऊन विचारायच्या, “भावोजी, मग दिलीत का रजई?”

त्यांच्या यजमानांची कचेरी भोपाळला गेली, तिच्यामागं त्यांचं बिऱ्हाडही गेलं. त्यांच्या दाराचं कुलूप तुला बघवत नाही, ठाऊक आहे मला. खिडकीकडे पाठ करून बस, पण ती उघड. आल्यावर तिकडे तोंड करून मी बसतो.