गजेंद्राची लाडूतुला

वडनेर भोलजी
६ नोव्हेंबर २०२४

चि. विमल हिस,
दादाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, तेव्हा आपलं पोस्टच बरं. पुढच्या खोलीत कापसाचा ढीग लागलाय. पाहिला की आठवतं, आपण त्यावर लोळायचो, मी मोठ्यानं कविता म्हणायचो, तू शिंकायचीस आणि माय झाडू घेऊन यायची.

बातमी अशी की आपला गजेंद्र सोसायटीचा अध्यक्ष झाला. चोवीस तारखेला त्याला चाळीस पूर्ण होतात. त्या दिवशी त्याचे मित्र त्याची लाडूतुला करणार आहेत. एका पारड्यात तो, दुसऱ्यात बुंदीचे लाडू, आणि मग ते गावभर वाटायचे. जिनिंगवरून कापसाचा काटा आणतायत, वाण्याचा त्याला पुरायचा नाही. लहानपणी केवढा हाडकुळा होता तो! हे पाखरू आपल्याकडं टिकतं की नाही, म्हणत तुझी वहिनी जयमाला त्याला रात्र रात्र मांडीवर घेऊन बसायची. आज ती हवी होती.

आता खताचं दुकान, फिरती खुर्ची. गिऱ्हाईक आलं की कचोरी येते, थंड बाटली येते, आणि गिऱ्हाईकाला एकट्यानं कसं खाऊ द्यायचं? शेताला तो मोबाईलवरूनच भेटतो. लोक म्हणतात, उत्तमराव, पोरगं दारात बसलं की घर भरल्यासारखं वाटते.

दुपारी तो दिवाणावर आडवा झाला की मी शेजारी बसतो. त्याचं घोरणं म्हणजे निव्वळ मंदाक्रांता गं, संथ आणि जड. मधेच यती येतो, सगळं थांबतं, भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं. मग एक मोठा श्वास आणि पुढचा चरण. तुलेसाठी मी ओळी रचल्यात: 'भरल्या अंगी भरला गाव, गजेंद्राचे गाजो नाव.' उरलेल्या समोर ऐकवीन. ये नक्की.

तुझ्या मायेवर अजून हक्क सांगणारा,
दादा


सुलतानपूर
१३ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
विमलचा शि. सा. न. वि. वि.

पत्र सुनेनं वाचून दाखवलं, मग मी चष्मा लावून पुन्हा वाचलं. दादा, तुझा तो यती मले नाही आवडला.

आमचे हे असेच घोरायचे. मीही कौतुकानं शेजारच्या सुवर्णाले सांगायची, माणूस घरात आहे हे दोन गल्ल्यांले कळते. घोरणं थांबलं की मले वाटे, आता गाढ लागली. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं नंतर समजावलं. मानेवर चरबी चढली की झोपेत गळा आतून मिटतो, श्वास अडतो, जीव घाबरून जागा होतो. रात्रभर हेच. म्हणून असा माणूस दिवसा बसल्या जागी पेंगतो. रात्री नाकाला लावायचं यंत्र दिलं होतं. ह्यांना लाज वाटली. सोंड लावून झोपू काय, म्हणाले. यंत्र कपाटात राहिलं, आणि एका सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हाचं तुला ठाऊकच आहे.

आता मी विचारते त्याचं उत्तर दे, कवितेत नको देऊ. गजेंद्र दिवसा पेंगते काय? बोलता बोलता? ताटावर? मान मागून ह्यांच्यासारखी काळी पडली काय? असेल तर आधी डॉक्टरकडं ने. लाडू वाटायचे तेवढे वाट, पण त्याला पारड्यात बसवू नको. माणसाचं वजन म्हणजे लग्नातला आहेर नाही, माईकवरून पुकारायला.

माझे गुडघे मला तिकडं येऊ देणार नाहीत. रागाव, पण ऐक.

तुझी धाकटी, तरी बोलणारच,
विमल


वडनेर भोलजी
२६ नोव्हेंबर २०२४

चि. विमल हिस,
आशीर्वाद. वि. वि.

तू विचारलंस ते सगळं आहे. मान काळी आहे. खताची धूळ बसली म्हणून रेणुका रोज बेसन-हळद लावून ती घासते, सून बिचारी घासून थकते. पेंगतोही. तुझं पत्र वाचून दाखवलं तर हसला. म्हणाला, आत्याले सांगा मी काई म्हातारा नाही झालो, आन पेंगलो तरी दुकान आपलंच हाय. लाडू सांगून झाले होते, गावभर निमंत्रणं गेली होती. मलाही ते पारडं पाहायचं होतं.

चौकात तीन बल्ल्यांच्या तिपाईला काटा टांगला होता. बँजो वाजत होता. गळ्यात हार घालून गजेंद्र पारड्यात बसला. त्याचा मित्र दयाराम माईकवर होता. लाडवांच्या पाट्यांवर पाट्या पडत होत्या, तरी गजेंद्राचं पारडं वर जात नव्हतं. दयाराम म्हणत होता, आणा बे अजून, अध्यक्ष जमिनीलेच चिकटून राह्यले, गावाची इज्जत हाय. माणसं पोट धरून हसत होती. मग माझ्या कवितेसाठी बँजो थांबवला. कागद उघडून मी त्याच्याकडं पाहिलं, तर हनुवटी छातीवर, डोळे मिटलेले. त्या गलक्यात तो झोपला होता.

लोकांनी मोबाईल वर केले. मी हाराकडं पाहत होतो, विमल. हार हलत नव्हता.

कागद टाकून मी त्याचे गाल धरले, हाका मारल्या. मग बुडणारा माणूस वर येऊन घेतो तसा त्यानं श्वास घेतला. डोळे उघडले, दोन्ही हातांनी समोरची हवा घट्ट धरली, उजवा पाय पारड्यात जोरानं दाबला आणि मला विचारलं, "नांदुरा आलं काय?"

चौक हसून हसून लोळला. मी हसू शकलो नाही. रोज सकाळी तो नात प्रतीक्षाला गाडीनं नांदुऱ्याच्या कॉलेजात सोडतो, हायवेनं.

संध्याकाळी तिला जवळ घेऊन विचारलं. ती ओढणीचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "पप्पा डोळे मिटतात, आजोबा. मग मी गाणं मोठं करते." आणि त्यांना सांगू नका म्हणाली, त्यांना वाईट वाटते.

आता काय करू, तूच सांग.

तुझा,
दादा


सुलतानपूर
२ डिसेंबर २०२४

ती. दादास,
सा. न.

वि. वि. लिहायलाही आज वेळ नाही. गाडीची किल्ली काढून घे. आधी किल्ली, मग डॉक्टर, मग जगातलं सगळं. तो चिडेल, चारचौघांत बोलेल, बोलू दे. लहानपणी त्याला तापात कडू काढा पाजताना त्याचं नाक आपण दाबून धरत होतो, तेव्हा विचारलं होतं काय त्याला? पोरीला एस.टी.नं पाठव.

मी ह्यांचं ऐकलं. माझ्यासारखं करू नकोस.

विमल


वडनेर भोलजी
९ डिसेंबर २०२४, सकाळ

चि. विमल हिस,

तुझं ऐकलं. किल्ली काल रात्री काढून घेतली. आत्ताही माझ्या बंडीच्या खिशात आहे. खामगावच्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ घेतली. रेणुका माझ्या बाजूनं उभी राहिली, तिनं मान घासणं सोडलंय.

सकाळी तो किल्ली शोधत आला. मी नाही म्हणालो. अंगणात दुधवाला, शेजारचे दोघं उभे होते. त्यांच्यासमोर म्हणाला, बाबा, सोसायटीच्या अध्यक्षाले तुम्ही शाळेतल्या पोरासारखं वागवून राह्यले. मी म्हणालो, गुरुवारपर्यंत तसंच. प्रतीक्षाची आज परीक्षा. एस.टी. या बोलण्यातच निघून गेली.

तो गोठ्याकडं गेला आणि जुनी मोटरसायकल बाहेर काढली. धुळीनं भरलेली ती गाडी माझ्या ध्यानातच आली नव्हती गं. मी वाटेत आडवा उभा राहिलो. त्यानं मला हातानं बाजूला सारलं, हळूच, लहान मुलाला सारतात तसं. प्रतीक्षानं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा हातातल्या घड्याळाकडं, आणि मागं बसली. त्याच्या कमरेभोवती तिचे हात पुरले नाहीत. तिनं दोन्ही बाजूंनी त्याचा शर्ट मुठीत धरला.

तासभर झाला. त्याचा फोन नुसता वाजतोय. गाडीवर असला की तो उचलत नाही, तरी मी सारखा लावतो म्हणून रेणुकानं फोन माझ्या हातून काढून घेतला. हातांना काम हवं म्हणून हे लिहीत बसलो. एवढ्यात परक्या मोटरसायकलवरून कुणीतरी येऊन दारात थांबलं. रेणुका बाहेर गेली, पण तिचा आवाज येत नाही.

पत्र इथंच ठेवतो. बाहेर जातो.

दादा